सदतीस नंबरचा बिल्ला

आमच्या क्लबाच्या कमोडोरने साठीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. सावनेरकडच्या कापूसवाल्या घरातला माणूस. उभी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, बॉयलरपाशी. शिडाची होडी चालवायला तो पुस्तकातून आणि आमच्या तलावातून शिकला. मग एकदा क्लबातली मंडळी त्याला मुंबईला घेऊन गेली. साहेब, आता खरं पाणी पाहा, म्हणाली. हा गेला, किनाऱ्यावर उभा राहिला, खिशातून कापूस काढून वारा पाहिला आणि पाच मिनिटांत पाठ फिरवली. परत आल्यावर मी विचारलं, "काय साहेब, कसा होता समुद्र?"

"वारा चांगला हाय," तो म्हणाला. "पण त्याले दुसरा काठच नाही, बापू. गेलेला माणूस कुठं उतरला, हे कसं समजावं?"

कमोडोर म्हणजे क्लबाचा मुख्य. तोंडावर मी त्याला साहेब म्हणत होतो आणि पाठीमागे 'तो'. आता तो राहिला नाही, तेव्हा समोर आणि पाठीमागे यात काही फरक उरला नाही. म्हणून 'तो' असंच लिहितो. क्लबाच्या पुस्तकात त्याच्यावर चार पानं छापायची आहेत. सेक्रेटरी म्हणाला, काका, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हटलं, चौथीपर्यंत शाळा शिकलो आहे, माझं मी लिहीन. चुकलं तर चुकलं. दुसऱ्याच्या हातून नीट लिहिलेलं मला माझं वाटत नाही.

मी क्लबात होड्या पाहतो. पाहतो म्हणजे पाण्यात उतरवतो, ओढून काढतो, फुटली तर बुजवतो, दोर बदलतो. आम्ही ढीवर. क्लब आला तेव्हा माझा बाप या तलावात जाळं टाकत होता, त्याच्या आधी आजा टाकत होता. हे मी सगळ्यांना सांगत आलो, कमोडोरलाही सांगितलं, आणि आमचं सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.

भांडण बिल्ल्याचं होतं.

रिटायर होऊन तो कमोडोर झाला आणि पहिल्या महिन्यात त्याने एक फळी आणली. जुन्या दरवाजाची, सागाची, चार बोटं जाड. तिच्यावर खिळ्यांच्या ओळी ठोकल्या. प्रत्येक खिळ्याखाली एकेका मेंबरचं नाव रंगवलं आणि खिळ्यावर तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून केलेला गोल बिल्ला टांगला, नंबर घालून. नियम असा की पाण्यात जाताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, परत आलं की आपल्या हाताने टांगायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी सगळे खिळे भरले की कमोडोर घरी जाणार. एक जरी खिळा रिकामा असला तर तो लोखंडी खुर्चीवर बसून राहणार. त्या खुर्चीचा एक पाय तोकडा होता, त्याखाली वीट होती. वीट सरकली की खुर्ची डुलत होती, आणि होडीत बसल्यासारखं वाटते म्हणून तो तिला दुरुस्त करू देत नव्हता.

शेवटच्या ओळीत शेवटच्या खिळ्याखाली माझं नाव होतं. सदतीस नंबर.

मी म्हटलं, "हे काय हाय?"

"तुहा बिल्ला."

"मले नाही पाहिजे. आपल्या घरात जायले कोनी पास काढते का?"

"पास नाही गा. तू पाण्यातून परत आला, हे तुले माहीत असते. मले इथं खुर्चीवर बसून कसं माहीत होईन?"

"नका बसू मंग."

त्याने माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये तीस वर्षं गेली.

त्याच्या वागण्यात वेडेपणा होता, यात वाद नाही. खिशात कायम कापूस. सरकी काढलेला, घरच्या वावरातला. चिमूटभर घेऊन बोटांत विंचरायचा आणि सोडून द्यायचा. तो कुठे जातो ते डोळे बारीक करून पाहायचा. मेंबरांनी पुढे वारा मोजायचं यंत्र आणलं, फिरत्या वाट्यांचं. तो त्याच्याजवळ उभा राहून कापूस सोडायचा आणि यंत्र बरोबर आहे की नाही ते तपासायचा. मे महिन्यात, शहर भाजून निघत असताना, ओला दुपट्टा डोक्याला बांधून, हाफ पँटीत भर उन्हात उभा. माणसांना एकेरीत बोलायचा, मग तो डॉक्टर असो की वकील. होड्यांना मात्र अहो-जाहो. "चला, निघायचं का? आज जरा डावीकडे झुकता आहात तुम्ही." नवा मेंबर आला की त्याला वाटायचं आपल्याशी बोलला. तो "नाही साहेब, ठीक आहे" म्हणायचा, आणि कमोडोर होडीवर थाप मारून म्हणायचा, "तुले नाही रे. यायले म्हटलं."

क्लबाची वर्षातून एकदा मोठी सफर असते. मेंबर त्याला क्रूझ म्हणतात. सगळ्या होड्या शिडावर या काठावरून त्या काठावर जातात, तिथे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, वांग्याची भाजी करतात, जेवतात आणि संध्याकाळी परत. बायका-पोरं गाड्यांनी आधीच पलीकडे पोचलेली असतात. वल्ह्यांनी जायला अर्धा तास लागतो. पण त्या दिवशी कमोडोर सगळी वल्ही गोळा करून खोलीला कुलूप लावायचा. सफर वाऱ्याची आहे, म्हणायचा.

एका वर्षी तलावाच्या ऐन मध्यावर वारा मेला. अकरा वाजता मेला तो दोन वाजले तरी उठला नाही. सात होड्या, पंधरा-सोळा माणसं, शिडं धुण्यासारखी लोंबलेली. पलीकडून रोडग्यांचा वास येत होता. एक दाताचा डॉक्टर होता, जाडा, चांगल्या मनाचा. त्याची बायको काठावरून ओरडली, "काहो, भाजी थंडी होऊन राहिली! उतरून पायीच या ना!" सगळे हसले. डॉक्टरला राहवलं नाही. त्याने हळूच हात पाण्यात घातला आणि होडीच्या आडून वल्हवायला लागला.

कमोडोर दुसऱ्या होडीत होता. त्याने गळ्यातली शिट्टी वाजवली. "हात वर!"

"साहेब, भूक लागली."

"मलेही लागली. हात वर ठेव."

मग कापूस सोडला. तो सरळ खाली, त्याच्या मांडीवर पडला. साडेतीनला वारा आला तेव्हा सगळे पलीकडे गेले. रोडगे जळून दगड झाले होते, तेच तुपात बुडवून खाल्ले. त्याच्या वहीत त्या दिवसाची नोंद मी वाचली आहे. वारा शून्य. मन शांत. दंतवैद्य, हाताने वल्हवले, बाद.

मी त्या दिवशी वल्हं घेऊन डोंग्यात होतो. डोंगा माझा, क्लबाचा नाही. पाहिजे असतं तर एकेक होडी ओढून सात फेऱ्यांत नेलं असतं. पण त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. असं आमचं होतं.

बिल्ल्याच्या फळीमागे काही गोष्ट असणार, असं मेंबरांना वाटायचं. कोणी म्हणे त्याचा भाऊ बुडाला. कोणी म्हणे लहानपणी मित्र विहिरीत गेला. एकदा चहा पिताना वकिलाने सरळ विचारलं.

"कोनी नाही बुडालं," तो म्हणाला. "आमच्याकडे बॉयलर बंद करून आत माणसं उतरायची, साफ करायले. उतरताना दारावर आपला बिल्ला टांगायचा, निघताना काढायचा. दारावर एकही बिल्ला असला तं आग लावायची नाही. मोठा साहेब ओरडो, नाही तं आणखी कोनी ओरडो. इथं मी तेच उलटं केलं, बस."

"मग तिथे कोणी गेलं होतं का? जळून वगैरे?"

"उभ्या नोकरीत एकही नाही."

वकील थोडा हिरमुसला. "मग एवढं कशासाठी, साहेब?"

"काहून म्हंजे? एकही नाही, म्हनूनच."

मी दोर वळत होतो. ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

आता ती झाडावरची गोष्ट सांगतो. क्लबात ती सगळ्यांनी आपापल्या परीने सांगून झाली आहे. दर वेळी माझं झाड उंच होते आणि कमोडोर तरुण होतो. खरी अशी आहे.

एप्रिल संपत आला होता. शर्यत झाली, होड्या काठाला लागल्या, मेंबरांनी बिल्ले टांगले आणि चहा-आलुबोंडा सुरू झाला. शर्यतीत वळसा घालायला आम्ही पाण्यात लाल पिंपं सोडतो. त्यातलं एक दोर तोडून पलीकडच्या उथळ भागाकडे चाललेलं मला दिसलं. दोर मी बांधला होता. कोणाला दिसायच्या आत आणावं, म्हणून न सांगता डोंगा घेऊन निघालो. चपला काठावर काढून ठेवल्या, टायरच्या, नेहमीसारख्या.

पिंप हाती लागलं आणि कोराडीच्या बाजूने आभाळ काळं झालं. आमच्याकडे याला वावधन म्हणतात. उन्हाळ्यात असं अचानक वादळ उठते, धूळ आधी आणि पाणी मागून. डोंगा एका लाटेत उलटला. त्याची कड माझ्या खांद्यावर बसली आणि डावा हात उचलेना. मी पोहतो, जन्मापासून पोहतो. पण एका हाताने त्या लाटांत पोहून दाखवावं कोणी. पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळी आहेत तिथे, वाळलेल्या, शेंडे वर निघालेले. एकीवर चढलो. काटे कुठे कुठे घुसले ते लिहीत नाही.

तिकडे काठावर सगळं ठीक होतं. फळी भरलेली होती. भरलेलीच असणार, माझा बिल्ला कधी निघतच नव्हता. मेंबर गाड्यांत बसून पळाले. कमोडोरनेही पिशवी उचलली. आणि निघता निघता त्याला माझ्या चपला दिसल्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. धुळीतून एक शीड आलं, अर्धं गुंडाळलेलं. होडीत तो एकटा, पासष्टीचा माणूस, लाइफ जॅकेट घातलेला, डोक्याला दुपट्टा. त्या वाऱ्यात शिडाची होडी उभी करता येत नाही. थांबली की उलटते. म्हणून तो माझ्या बाभळीला वळसा घालून फिरायला लागला. जवळून जायचा तेवढ्यात एक वाक्य बोलायचा, मग लांब जायचा, वळायचा, आणि परत यायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा ओरडला, "बिल्ला कुठं हाय?"

मला वाटलं वाऱ्याने काही वेगळंच ऐकू आलं. तो लांब गेला. वळला. परत आला.

"फळी भरली हाय! फळीपरमानं तू घरी बसून जेवून राहिला!"

"मंग जेवू द्या मले!" मी ओरडलो. तोपर्यंत तो निघून गेला होता. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या वेळी, "उद्यापासून बिल्ला घेशीन म्हन!"

"नाही म्हनत!"

"काहून?"

याचं उत्तर द्यायला मला त्याचा पुढचा पूर्ण फेरा मिळाला. पाऊस सुरू झाला होता. खांदा ठणकत होता. चौथ्या वेळी तो आला तेव्हा मी नुसती मान हलवली. त्याने सुकाणू गुडघ्याने दाबलं, दोन्ही हातांनी माझा सदरा धरला आणि मला पोत्यासारखं होडीत ओढलं. सदरा फाटला. होडी एका अंगाला एवढी झुकली की पाणी आत आलं.

"सांभाळा, सांभाळा," तो म्हणाला. मला नाही, होडीला.

काठावर आलो. त्याने खिशातून आपला बिल्ला काढला, एक नंबरचा, आणि टांगला. त्या घाईत, त्या वादळातही, निघताना तो घ्यायला विसरला नव्हता. मग माझ्या बिल्ल्यासमोर उभा राहिला.

मी म्हटलं, "आता तुम्हीच काढा आन् तुम्हीच टांगा. झालं."

"मी नाही हात लावत. तुहाच हात पाहिजे."

मी हात लावला नाही. हाडवैद्याकडे तोच मला घेऊन गेला.

त्यानंतर त्याने फळी पाहून घरी जाणं सोडलं. सगळे खिळे भरले तरी खुर्चीवरून उठेना. मी होड्या झाकायचो, दोर गुंडाळायचो, काठावर यायचो आणि चपला पायात घालायचो. तेव्हा कुठे तो उठायचा. चपला पाहिल्या की पिशवी उचलायची.

माझ्या बायकोला हे कळलं. ती म्हणाली, "काहो, तो एक पत्र्याचा तुकडा घेतला तं हात झडते का तुमचे? म्हाताऱ्या मानसाले कायले बसवून ठेवता?"

"मी नाही बसवत. तो बसते."

"दोघंही सारखेच तुम्ही," ती म्हणाली आणि भाकर थापायला लागली.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, ती इथे लिहितो. मी मुद्दाम उशीर केला आहे. काम संपलं असताना डोंग्यात बसून राहिलो आहे, तिकडे खुर्ची डुलताना पाहत. त्याने हाक मारावी, चल गा बापू, जाऊ दे मले, असं म्हणावं, म्हणून. त्याने कधी मारली नाही. पाहुणे यायचे असले, सण असला, अंगात ताप असला, तरी बसून राहिला. तेव्हा मला ते जिंकल्यासारखं वाटायचं. आता हे आठवलं की नुसता थकवा येतो. बसल्या जागेवरून उठावंसं वाटत नाही.

दर दिवाळीला तो सगळे बिल्ले आणि नंबर नव्याने रंगवायचा. मेंबरांचे बिल्ले एकेक करून मागायचा, समोर बसून रंगवायचा. माझा खिळ्यावरच रंगवायचा, ब्रशच्या टोकाने, बोट न लावता. बाकीच्यांचे बिल्ले वर्षभर हातांनी घासून पुन्हा पत्रा दिसायला लागायचे. माझा कोरा करकरीत. रंगावर रंग बसून तो बिल्ला पुरीसारखा फुगला होता.

मग तलाव बदलला. जलपर्णी वाढली, अर्धं पाणी हिरवं झालं. काठावर उंच इमारती उठल्या आणि वारा अडला. कमोडोर कापूस सोडायचा आणि तो भोवऱ्यासारखा तिथेच फिरायचा. "वाऱ्याले आता रस्ता समजत नाही," म्हणायचा. मेंबर म्हातारे झाले, काहींची मुलं पुण्याला गेली, मागोमाग तेही गेले. दाताचा डॉक्टर वारला. त्याचा बिल्ला कमोडोरने काढू दिला नाही. आला हाय तो परत, म्हणाला, राहू द्या.

नवा सेक्रेटरी चांगला आहे. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याने मोटरची बोट आणली, गवत काढायचं मशीन आणलं. पाण्यात जाताना फोनवर ग्रुपमध्ये अंगठा टाकायचा, परत आल्यावर पुन्हा टाकायचा, असं केलं. फळी आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. कमोडोर तोवर काठी घेऊन यायला लागला होता. त्याने फोन हातात घेऊन तो ग्रुप पाहिला.

"हा अंगठा घरून टाकता येते का?"

"येतो, साहेब. कुठूनही येतो."

"मंग तो कुठं हाय, हे कसं समजते?"

सेक्रेटरी हसला. कमोडोर हसला नाही. तो आत गेला, फळीसमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसला. माझ्या चपला काठावर होत्या. मी त्या दिवशी लवकर आलो. पहिल्यांदाच लवकर आलो. पण तेही त्याला दाखवलं नाही. नेहमीसारख्या चपला घातल्या आणि निघालो.

पुढे त्याचं येणं बंद झालं. पाय गेले. ही दिवाळी झाली तशी मी त्याच्या घरी गेलो, शहरात, दोन बस बदलून. त्याच्या मुलीने दार उघडलं. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "या काका. बाबा कधी ओळखतात, कधी नाही. मनावर घेऊ नका."

तो पलंगावर आडवा होता. केवढासा झाला होता. मी स्टुलावर बसलो. बोलायला काही नव्हतं, म्हणून तलावाचं सांगत बसलो. पाणी किती आहे, गवत किती आहे, तीन नंबरच्या होडीला तळाशी चीर गेली ती कशी बुजवली. त्याने छताकडे पाहत सगळं ऐकलं. मग एकदम मान वळवली.

"बापू, बिल्ला घेतला का?"

हो म्हणता आलं असतं. कोण पाहणार होतं? मुलगी मागे उभी होती, तीही डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा. पण त्या माणसाशी मी तीस वर्षांत खोटं बोललो नव्हतो. आमच्यात तेवढंच एक नीट राहिलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. रागावला नाही. मुलीला म्हणाला, "मले उठवून बसव."

"बाबा, डॉक्टर नाही म्हणाले बसायचं."

"हा परत नाही आला अजून. मी झोपून कसा राहू?"

तिने आणि मी मिळून त्याला बसवलं. पाठीला दोन उशा लावल्या. तो भिंतीकडे तोंड करून, पाण्याकडे पाहत असल्यासारखा बसला. मी अर्धा तास थांबलो, मग उठलो. दारात चपला घातल्या. वळून पाहिलं तर तो माझ्या पायांकडे पाहत होता.

आठवड्यात तो गेला.

क्लबाने श्रद्धांजलीचा दिवस ठेवला. होड्यांना पांढरे झेंडे लावले. सेक्रेटरीने फळी बाहेर व्हरांड्यात आणली, पुसली, तिला हार घातला. खुर्चीवर त्याचा फोटो ठेवला. भाषणं झाली. झाडाची गोष्ट कोणीतरी सांगितलीच. सगळे माझ्याकडे पाहून हसले. मी हसलो नाही. मग जे मेंबर उरले आहेत ते दोन-दोन करून पाण्यात गेले. सगळ्यांनी आधी फोनवर अंगठे टाकले.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी फळीपाशी गेलो आणि सदतीस नंबरच्या बिल्ल्याला हात लावला.

तो निघेना. इतक्या दिवाळ्यांचा रंग खिळ्याला चिकटला होता. नखाने खरवडलं, नख तुटलं. मग खिशातला दोर कापायचा चाकू काढला आणि खिळ्याभोवती फिरवला. पांढरा रंग, पिवळा रंग, मग पुन्हा पांढरा, पापुद्रे निघत गेले. शेवटी बिल्ला हातात आला. वजनाला पत्र्यापेक्षा रंगच जास्त होता. सदऱ्याच्या खिशात घातला, चपला काढल्या आणि डोंगा लोटला.

पलीकडच्या बाभळींपर्यंत गेलो. माझी बाभूळ केव्हाच मोडून पडली आहे, तिचा नुसता खुंट आहे. त्याला डोंगा बांधला आणि बसलो. बिल्ला छातीला टोचत होता. बिल्ला न घेता पाण्यात जाणारा माणूस पाण्याचाच असतो, असं मी समजत होतो. बिल्ला घेतल्यावरही पाणी तेच होतं. माझ्यातलं काही कमी झालं नाही. एवढं पाहायला मला म्हातारं व्हावं लागलं.

होड्या परत गेल्या. गाड्या निघाल्याचा आवाज आला. खुंटापासून काठ सरळ दिसतो, खुर्चीची जागा दिसते. कोणीतरी फोटो आत नेला, मग खुर्ची आत नेली, मग दाराला कुलूप लावलं. माझ्या चपला काठावरच होत्या. कोणी पाहिल्या नाहीत. त्यांचा दोष नाही. काय पाहायचं हे त्यांना कोणी शिकवलं नाही, आणि ज्याला माहीत होतं त्याने तोंड उघडलं नाही.

दिवस मावळायला मी परत आलो. डोंगा ओढला, झाकला. फळी व्हरांड्यातच राहिली होती, हार सुकत होता. बाकी सगळे बिल्ले जागेवर होते. एक नंबरचाही होता. एकच खिळा उघडा, ताज्या खरवडलेल्या रंगाचा.

बिल्ला टांगला. तो एकदा हलला आणि स्थिर झाला.

मग पायऱ्यांवर बसून चपला घातल्या, आधी उजवी, मग डावी. विटेची जागा तेवढी दिसत होती, खाली दबलेली. तिकडे तोंड करून म्हटलं, "आलो साहेब. निघा आता."

आणि बसच्या रस्त्याला लागलो.